सागरी तेलवेधन उद्योगातील मंदी व भाग-गुंतवणूक

सागरी तेलवेधन उद्योगातील मंदी व भाग-गुंतवणूक : समुद्रतळाखालील खनिज तेल व नैसर्गिक वायू यांचा शोध घेण्यासाठी आणि उत्पादनासाठी विहिरी खोदून देणाऱ्या कंत्राटी कंपन्यांचे भाग, म्हणजेच शेअर, त्या उद्योगाच्या पडत्या काळात खरेदी करण्याचा व्यवहार. या कंपन्या स्वतः तेलाच्या मालक नसतात. वेधनसंच अथवा रिग व तो चालविणारे कुशल मनुष्यबळ तेल कंपन्यांना दैनिक भाड्याने पुरविणे हा त्यांचा व्यवसाय होय. तेलाच्या किंमतीतील चढउतार या उद्योगात अनेक पटींनी वाढून उमटतात. त्यामुळे मंदीत अशा कंपन्यांचे भाग त्यांच्या पूर्वीच्या किंमतीच्या अल्पांशाला मिळू लागतात आणि पुढील तेजीत मोठा नफा होईल, या अपेक्षेने गुंतवणूकदार त्यांकडे आकृष्ट होतात. ही अपेक्षा काही वेळा फलद्रूप झाली आहे तथापि २०१४ नंतरच्या दीर्घ मंदीत जगातील बहुतेक प्रमुख वेधन कंपन्यांच्या तत्कालीन भागधारकांचे भांडवल जवळजवळ पूर्णतः नष्ट झाले, हेही तितकेच खरे आहे. उद्योग तगणे, कंपनी तगणे आणि भागधारक तगणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी असून त्यांतील भेद समजून घेणे हा या विषयाचा गाभा आहे.

उद्योगाचे स्वरूप : किनाऱ्यालगत लाकडी धक्के बांधून समुद्राखालील तेल काढण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील समरलँड येथे झाला. किनारा दृष्टीआड होईल इतक्या अंतरावरील पहिली यशस्वी विहीर केर-मगी या कंपनीने मेक्सिकोच्या आखातात १९४७ मध्ये खोदली. त्यानंतर उत्तर समुद्र, ब्राझील, पश्चिम आफ्रिका, इराणचे आखात, आग्नेय आशिया व भारताचा पश्चिम किनारा या क्षेत्रांत सागरी वेधनाचा विस्तार झाला.

फिरत्या वेधनसंचांचे तीन मुख्य प्रकार आहेत. ‘जॅक-अप’ या प्रकारात मंचाचे लांब पाय समुद्रतळावर टेकवून मंच पाण्याच्या वर उचलला जातो. सु. १२० ते १५० मी. खोलीपर्यंतच्या उथळ पाण्यात तो उपयोगी पडतो. अर्धनिमज्जित मंच पाण्यात अंशतः बुडविलेल्या पोकळ तरंडांवर तरतो व नांगरांनी किंवा संगणकनियंत्रित प्रचालकांनी जागेवर स्थिर ठेवला जातो. वेधनजहाज हे स्वतःच्या शक्तीने प्रवास करणारे जहाज असून त्याच्या मध्यभागी वेधनासाठी विवर ठेवलेले असते. अत्याधुनिक वेधनजहाजे ३,६०० मी. खोलीच्या पाण्यातही काम करू शकतात. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांना एकत्रितपणे तरते संच असे म्हणतात. २०१०–१४ या काळात एका अतिखोल जलातील वेधनजहाजाच्या बांधणीस सर्वसाधारणपणे ६० ते ७० कोटी डॉलर, तर जॅक-अप मंचास सु. २० कोटी डॉलर खर्च येत असे. बांधणीचे काम मुख्यतः दक्षिण कोरिया, सिंगापूर व चीन येथील गोद्यांत होते.

एवढी महागडी यंत्रसामग्री तेल कंपन्या सहसा स्वतः विकत घेत नाहीत. त्या काही विहिरींपुरता किंवा काही वर्षांपुरता संच भाड्याने घेतात. तेल सापडो वा न सापडो, वेधन कंपनीस ठरलेले दैनिक भाडे मिळते. वरकरणी ही व्यवस्था सुरक्षित वाटते. मात्र कराराची मुदत संपल्यानंतर नवा करार न मिळाल्यास भाडे थांबते आणि संच, कर्मचारी व कर्ज यांचा भार कंपनीच्याच माथी राहतो. तेल कंपनी आपला खर्च कमी करू इच्छिते तेव्हा सर्वांत सहज थांबविता येणारे काम नव्या विहिरींचे असते. चालू विहिरींतून तेल काढण्याचे काम मात्र ती चालूच ठेवते. म्हणून तेलउत्पादनात किंचितही घट नसताना वेधनाची मागणी निम्म्यावर येऊ शकते.

उत्पन्न, खर्च व कर्ज : मंदीचा आघात एवढा तीव्र का असतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एखाद्या वेधनजहाजाचे दैनिक भाडे ५ लाख डॉलर आणि कर्मचारी, देखभाल, विमा इत्यादींचा दैनिक खर्च १·७५ लाख डॉलर आहे असे समजू. दररोज ३·२५ लाख डॉलर शिल्लक उरतात जहाज वर्षभर कामावर राहिल्यास ही रक्कम सु. ११·८६ कोटी डॉलर होते. भाडे ६० टक्क्यांनी उतरून २ लाख डॉलर झाले, तर खर्च तेवढाच राहिल्यामुळे दैनिक शिल्लक केवळ २५,००० डॉलर उरते. म्हणजे भाड्यातील ६० टक्के घटीमुळे शिलकीत ९२ टक्के घट होते व वार्षिक शिल्लक सु. ९१ लाख डॉलरवर येते.

हे जहाज ६५ कोटी डॉलरला बांधले असून त्यांपैकी ३९ कोटी डॉलर सात टक्के व्याजाने कर्जाऊ घेतले असतील, तर वर्षाचे व्याजच २·७३ कोटी डॉलर होते. तेजीतील शिलकीतून ते चौपटीहून अधिक वेळा भागते, तर मंदीतील शिलकीतून त्याचा एक-तृतीयांशच भाग कसाबसा भागतो. मुद्दल परत करण्याचा प्रश्न तर दूरच राहतो. मालमत्तेच्या बाजूनेही हाच हिशेब लागू पडतो. भागधारकांचा हिस्सा २६ कोटी डॉलरचा आहे. जहाजाचे बाजारमूल्य ४० टक्क्यांनी घसरले, की ते कर्जाच्या रकमेएवढे होते आणि भागधारकांचा हिस्सा कागदावर शून्य होतो. जहाज तेच, कर्मचारी तेच व त्याची कार्यक्षमताही तीच असते केवळ त्याच्यावरील मालकी हक्क ऋणकोकडून धनकोकडे सरकलेला असतो.

मंदीची कारणे : या उद्योगातील तेजीमंदीच्या चक्राचे मूळ कालविलंबात आहे. तेलाची किंमत वाढली की तेल कंपन्या वेधनाचे कार्यक्रम वाढवितात. उपलब्ध संच अपुरे पडून दैनिक भाडे चढते. वाढत्या भाड्याच्या आधारे बँका व रोखेबाजार सहज कर्ज देतात आणि वेधन कंपन्या नव्या संचांच्या मागण्या नोंदवितात. संच तयार होण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. अनेक कंपन्यांनी एकाच वेळी दिलेल्या मागण्यांचे संच एकदमच बाजारात येतात व बहुधा त्याच सुमारास तेलाची किंमत उतरलेली असते. संचाचे आयुष्य पंचवीस ते पस्तीस वर्षांचे असल्याने एकदा निर्माण झालेली अतिरिक्त क्षमता आपोआप नाहीशी होत नाही. मालक तो संच मोडीत काढण्याऐवजी खर्चापुरत्या भाड्यावरही कामास लावू पाहतात आणि या स्पर्धेने भाडे आणखी खाली जाते. मंदी संपण्यासाठी म्हणून दोन गोष्टी घडाव्या लागतात : मागणी वाढणे आणि जुने संच मोठ्या संख्येने कायमचे बाद होणे. यांपैकी दुसरी प्रक्रिया संथ व मालकांना क्लेशकारक असते.

१९८६ ची मंदी : १९७३–७४ मध्ये तेलाची किंमत पिंपास सु. ३ डॉलरवरून सु. १२ डॉलरपर्यंत चढली व १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर ती तीस डॉलरांच्या वर गेली. या काळात सागरी संचांच्या बांधणीला उधाण आले. चढ्या किंमतींमुळे तेलाचा खप घटला, ओपेकबाहेरील देशांचे उत्पादन वाढले व १९८५ च्या उत्तरार्धात सौदी अरेबियाने किंमत सावरण्यासाठी स्वतःचे उत्पादन घटवीत राहण्याचे धोरण सोडून दिले. १९८६ मध्ये किंमत १० डॉलरच्या आसपास कोसळली. ग्लोबल मरीन या अग्रगण्य अमेरिकी वेधन कंपनीने त्याच वर्षी नादारीसाठी न्यायालयात धाव घेतली ती १९८९ मध्ये पुनर्रचना होऊन बाहेर पडली. इतर अनेक कंपन्यांनी धनकोंना भाग देऊन आपली कर्जे कमी केली.

गुंतवणुकीच्या दृष्टीने या मंदीचा सर्वांत महत्त्वाचा विशेष म्हणजे तिचा कालावधी होय. दैनिक भाडे नवे संच बांधणे परवडेल अशा पातळीवर येण्यास १९९६–९७ हे वर्ष उजाडावे लागले. १९८६ मध्ये ‘तळ गाठला’ असे मानून भाग घेणाऱ्यास, कंपनी टिकली तरीही, सुमारे दहा वर्षे प्रतीक्षा करावी लागली. त्यानंतरची तेजीही अल्पजीवी ठरली. आशियाई आर्थिक अरिष्टानंतर १९९८ च्या अखेरीस तेल पुन्हा १० डॉलरच्या जवळ आले. या काळात कंपन्यांचे विलीनीकरण मोठ्या प्रमाणावर झाले. सोनॅट ऑफशोअर व नॉर्वेची ट्रान्सओशन यांच्या १९९६ मधील एकत्रीकरणातून उभी राहिलेली ट्रान्सओशन ही कंपनी पुढे सेडको फोरेक्स (१९९९), आर अँड बी फाल्कन (२००१) व ग्लोबल सँटा फे (२००७) यांना सामावून घेऊन जगातील सर्वांत मोठी सागरी वेधन कंपनी बनली. ग्लोबल मरीनही ग्लोबल सँटा फेच्या रूपाने शेवटी तिच्यातच विलीन झाली.

२०१४–२१ ची मंदी : २००४ नंतर चीनची वाढती मागणी आणि ब्राझील, पश्चिम आफ्रिका व मेक्सिकोचे आखात येथील खोल जलातील शोध यांमुळे अभूतपूर्व तेजी आली. २००८ च्या जागतिक वित्तीय अरिष्टाने व २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या संचावर झालेल्या स्फोटाने (मृत्यू ११) तिला तात्पुरती खीळ बसली. तरीही २०१३ पर्यंत उत्तम वेधनजहाजांचे दैनिक भाडे ६ लाख डॉलरच्या घरात पोहोचले होते. कंपन्या उदार लाभांश वाटत होत्या आणि नवे संच बांधण्यासाठी कर्ज काढीत होत्या. जॉन फ्रेडरिकसन यांनी २००५ मध्ये स्थापन केलेली सीड्रिल ही या पद्धतीचे ठळक उदाहरण होय.

दरम्यान अमेरिकेतील शेल खडकांतून मिळणाऱ्या तेलाचे उत्पादन झपाट्याने वाढत होते. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ओपेकने उत्पादनकपात न करण्याचा निर्णय घेतला. जून २०१४ मध्ये पिंपास ११५ डॉलर असलेली ब्रेंट तेलाची किंमत जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली गेली. सीड्रिलने नोव्हेंबर २०१४ मध्येच लाभांश स्थगित केला. ब्राझीलमध्ये पेट्रोब्रासला २८ संच पुरविण्यासाठी उभारलेली सेते ब्राझील ही कंपनी २०१६ मध्ये न्यायालयाच्या आश्रयास गेली व तिच्यात पैसे गुंतविलेल्या निवृत्तिवेतन निधींना मोठी झळ बसली.

नादारीची पहिली लाट २०१५–१७ मध्ये आली. हर्क्युलिस ऑफशोअर, व्हँटेज, पॅरागॉन, ओशन रिग, सीड्रिल व पॅसिफिक ड्रिलिंग या कंपन्या तीत सापडल्या. त्यांपैकी पॅरागॉन ही कंपनी नोबल कंपनीने आपले मुख्यतः जुने संच वेगळे काढून ऑगस्ट २०१४ मध्ये निर्माण केली होती ती दीड वर्षातच नादार झाली. २०१८–१९ मध्ये सुधारणेची चिन्हे दिसू लागली असतानाच २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीने तेलाची मागणी कोसळली. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाच्या नजीकच्या वायद्याचा भाव इतिहासात प्रथमच शून्याखाली, उणे ३७·६३ डॉलरवर, बंद झाला. त्याच महिन्यात डायमंड ऑफशोअर, जुलैअखेरीस नोबल व ऑगस्टमध्ये व्हॅलॅरिस या कंपन्यांनी नादारीचा अर्ज केला. पॅसिफिक ड्रिलिंग व सीड्रिल या कंपन्यांवर ती पाळी दुसऱ्यांदा आली. मोठ्या कंपन्यांपैकी ट्रान्सओशन ही न्यायालयात न जाता टिकून राहिली.

नादारी व भागधारक : अमेरिकी नादारी अधिनियमाच्या अकराव्या प्रकरणाखाली कंपनीचे कामकाज चालू ठेवून तिच्या देण्यांची पुनर्रचना करता येते. तारण असलेले धनको, तारण नसलेले धनको आणि सर्वांत शेवटी भागधारक, असा मालमत्तेवरील हक्कांचा क्रम असतो. वरच्या पायरीवरील देणे पूर्ण भागल्याशिवाय खालच्या पायरीस सामान्यतः काही मिळत नाही. व्यवहारात रोखेधारक आपले कर्ज सोडून देतात व त्याच्या मोबदल्यात नव्या कंपनीचे जवळजवळ सर्व भाग घेतात. जुन्या भागधारकांना, त्यांनी विरोध करू नये म्हणून, नाममात्र हिस्सा दिला जातो. २०१८ मधील सीड्रिलच्या पुनर्रचनेत तो सु. दोन टक्के व २०२२ मधील दुसऱ्या पुनर्रचनेत पाव टक्का होता. नोबल, व्हॅलॅरिस व डायमंड यांच्या जुन्या भागधारकांना २०२१ मध्ये भागांऐवजी केवळ भागखरेदीची अधिपत्रे मिळाली. विशिष्ट मुदतीत भागाची किंमत ठराविक पातळीवर गेली तरच अशा अधिपत्रांना मोल असते. व्हॅलॅरिसच्या पुनर्रचनेत सु. ७१० कोटी डॉलरचे कर्ज रद्द झाले. कंपनीचे संच, नाव व कर्मचारी कायम राहिले, मालक मात्र बदलले.

मोठे भागधारकही यातून सुटले नाहीत. डायमंड ऑफशोअरचे निम्म्याहून अधिक भाग लोझ कॉर्पोरेशन या धनाढ्य समूहाकडे होते. त्या समूहाने अधिक पैसे न घालता आपली गुंतवणूक बुडीत खाती टाकली. बलाढ्य प्रवर्तक कंपनीला सावरून धरील, हा लहान गुंतवणूकदारांचा भरवसा तेथे निराधार ठरला. उलट सीड्रिलच्या पहिल्या पुनर्रचनेत प्रवर्तकांनी व इतरांनी मिळून सु. १०० कोटी डॉलरहून अधिक नवे भांडवल घातले व त्या नव्या पैशाच्या बळावर हिस्सा मिळविला, जुन्या भागांच्या बळावर नव्हे. पुनर्रचनेनंतर घेतलेले भागही निर्धोक असतातच असे नाही. हर्क्युलिसची पुनर्रचना नोव्हेंबर २०१५ मध्ये पूर्ण झाली पण पुढील जूनमध्ये ती पुन्हा न्यायालयात गेली आणि या वेळी तिचे विसर्जन करण्यात आले.

नादारी टळली तरी भागधारकाचे नुकसान टळतेच असे नाही. ट्रान्सओशनने तग धरण्यासाठी लाभांश बंद केला, कर्जांच्या मुदती वाढवून घेतल्या आणि अन्य कंपन्या घेताना तसेच रोकड उभारताना नवे भाग दिले. परिणामी २०१४ मध्ये सु. ३६ कोटी असलेली तिच्या भागांची संख्या २०२३ मध्ये ८० कोटींच्या वर गेली. कंपनीचे एकूण मूल्य पूर्वपदावर आले, असे मानले तरी प्रत्येक भागाच्या वाट्याला त्याचा निम्म्याहून कमी अंश येतो.

गुंतवणुकीचे निकष : मंदीत वेधन कंपनीच्या भागांचा विचार करताना पुढील बाबी तपासल्या जातात.

(१) कर्जफेडीचे वेळापत्रक : कर्जाच्या एकूण रकमेइतकेच ते कोणत्या वर्षी फेडावयाचे आहे याला महत्त्व असते. रोकड शिल्लक व खात्रीचे उत्पन्न यांतून किती वर्षांची देणी भागतील, हे काढून त्याची तुलना मंदीच्या संभाव्य कालावधीशी करावी लागते. बँक-करारांतील अटींचा भंग झाल्यास कर्ज मुदतीपूर्वीच देय होऊ शकते.

(२) हाती असलेल्या करारांची शिल्लक : जुन्या चढ्या भाड्याचे करार मंदीतही काही काळ उत्पन्न देतात. मात्र ते कोणत्या तेल कंपनीशी आहेत, केव्हा संपतात व ते रद्द केल्यास किती भरपाई मिळते, हे पाहावे लागते. करार संपल्यावर उत्पन्न एकदम घसरते म्हणून पहिल्या एक-दोन वर्षांतील चांगले ताळेबंद फसवे ठरतात.

(३) संचांचे वय व दर्जा : भाडे उतरले की तेल कंपन्या त्याच पैशांत नवा, अधिक समर्थ संच निवडतात व जुने संच प्रथम रिकामे पडतात. दर पाच वर्षांनी होणारी वर्गीकरण संस्थेची सविस्तर तपासणी खर्चिक असते. रिकाम्या जुन्या संचाबाबत ती टाळून तो मोडीत काढणेच परवडते.

(४) रिकाम्या संचांचा खर्च : काही कर्मचारी ठेवून संच सज्ज अवस्थेत ठेवल्यास खर्च चालू राहतो यंत्रे बंद करून तो नांगरून ठेवल्यास खर्च वाचतो, पण पुन्हा कामास लावताना मोठी रक्कम लागते. दीर्घकाळ बंद असलेल्या वेधनजहाजाबाबत ती दहा कोटी डॉलरपर्यंतही जाऊ शकते.

(५) गोदीतील अपुऱ्या संचांची देणी : तेजीत नोंदविलेल्या संचांचे मोठे हप्ते सहसा ताबा घेतेवेळी द्यावयाचे असतात. मंदीत काम नसलेला संच ताब्यात घेण्याचे बंधन कंपनीस बुडवू शकते.

चुकीचे आडाखे : अशा भागांविषयी काही समजुती वारंवार आढळतात. भागाची किंमत पुस्तकी मूल्याच्या एक-चतुर्थांश आहे म्हणून तो स्वस्त आहे, ही त्यांतील पहिली. पुस्तकी मूल्य हे बहुतांशी तेजीतील बांधणीखर्चातून घसारा वजा करून आलेले असते. मंदीत कंपन्या ते मूल्य कमी करतात व दिसणारी स्वस्ताई नाहीशी होते. संच नव्याने बांधण्यास लागणारा खर्च हाही योग्य निकष नव्हे कारण अतिरिक्त संच असताना नवा संच कोणीच बांधत नाही. विक्रीचे प्रत्यक्ष व्यवहार याहून बोलके असतात. ओशन रिग कंपनीने २०१६ मध्ये २०११ साली बांधलेले एक वेधनजहाज लिलावात केवळ ६·५ कोटी डॉलरला घेतले. नॉर्वेजियन गुंतवणूकदारांनी २०१६ मध्ये स्थापिलेल्या बॉर ड्रिलिंगने हर्क्युलिसचे तीन-चार वर्षे वयाचे दोन जॅक-अप मंच मिळून १३ कोटी डॉलरला खरेदी केले.

तेलाची किंमत वाढली की हे भाग वाढतीलच, ही दुसरी समजूत होय. २०१६ नंतर तेलाची किंमत हळूहळू दुपटीहून अधिक झाली, तरी तेल कंपन्यांनी वाढलेले उत्पन्न प्रथम कर्जफेडीकडे व भागधारकांकडे वळविले आणि दैनिक भाडे अनेक वर्षे तळाशीच राहिले. भागाची किंमत नव्वद टक्क्यांनी घसरल्याने आणखी घसरण्यास वाव उरलेला नाही, ही तिसरी व सर्वांत घातक समजूत. शंभराचा भाग दहावर आल्यानंतर तो घेणाऱ्याचेही सर्वच पैसे बुडू शकतात. पडत्या भावाने वेळोवेळी अधिक भाग घेऊन सरासरी कमी करण्याची रीत अशा ठिकाणी तोटा वाढविते.

भारतातील स्थिती : भारतात समुद्रातील पहिली समन्वेषक विहीर तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९७० मध्ये खंबायतच्या आखातातील आलियाबेट येथे खोदली. जपानमध्ये बांधलेल्या सागर सम्राट या जॅक-अप मंचाने १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सु. १६० कि.मी.वर मुंबई हाय क्षेत्रात तेल शोधले व मे १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. या क्षेत्रासाठी लागणारे बरेचसे जॅक-अप मंच निविदा मागवून, सामान्यतः तीन वर्षांच्या कराराने, भाड्याने घेतले जातात. त्यातून चेन्नईची अबान ऑफशोअर, जिंदाल ड्रिलिंग व मुंबईतील ग्रेट ईस्टर्न शिपिंगची दुय्यम कंपनी ग्रेटशिप यांसारख्या भारतीय कंपन्या या व्यवसायात आल्या.

जागतिक चक्राचे परिणाम भारतीय गुंतवणूकदारांनीही अनुभवले आहेत. अबान ऑफशोअरने २००६–०७ मध्ये प्रचंड कर्ज काढून सिन्व्हेस्ट ही नॉर्वेची कंपनी ताब्यात घेतली. तेजीत तिचा भाग मुंबई शेअरबाजारात अत्यंत चढ्या भावास गेला. मे २०१० मध्ये तिचा अबान पर्ल हा संच व्हेनेझुएलाच्या समुद्रात बुडाला (जीवितहानी झाली नाही) आणि २०१४ नंतरच्या मंदीत तिची कर्जे थकली. उलट कर्ज बेताचे ठेवणाऱ्या व तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या स्थिर मागणीवर विसंबणाऱ्या कंपन्या त्याच मंदीतून निभावून गेल्या. भेद प्रामुख्याने कर्जाच्या प्रमाणाचा होता, व्यवसायाचा नव्हे.

मूल्यमापन : २०१४ नंतर जगातील शंभराहून अधिक तरते संच बाद करण्यात आले. त्यांतील अनेक तुर्कस्तानातील अलिआगा व अन्य ठिकाणच्या जहाजतोडणी किनाऱ्यांवर मोडले गेले. क्षमता अशी घटल्यावर व २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धानंतर तेलाच्या किंमती वाढल्यावर दैनिक भाडे पुन्हा ४ ते ५ लाख डॉलरपर्यंत चढले. नोबलने पॅसिफिक ड्रिलिंग (२०२१), मेर्स्क ड्रिलिंग (२०२२) व डायमंड ऑफशोअर (२०२४) या कंपन्या आपल्यात सामावून घेतल्या. म्हणजे मंदीनंतर तेजी येते, हे गृहीतक खरे ठरले परंतु त्या तेजीचा लाभ मुख्यतः पुनर्रचनेत भाग मिळालेल्या पूर्वीच्या रोखेधारकांना आणि कर्जमुक्त झालेल्या कंपन्यांचे भाग नंतर घेणाऱ्यांना झाला. २०१५ ते २०१९ या काळात ‘स्वस्त’ म्हणून भाग घेणाऱ्या बहुसंख्य गुंतवणूकदारांचा उद्योगाविषयीचा अंदाज बरोबर असूनही पैसा गेला. २०२४ मध्ये सौदी अरेबियाने वीसहून अधिक जॅक-अप मंचांचे करार स्थगित केल्यावर भाड्यांवर पुन्हा दडपण आले, यावरून ही तेजीही चक्रातीत नसल्याचे दिसून आले.

या अनुभवावरून असे म्हणता येईल, की सागरी तेलवेधन उद्योगातील मंदीकालीन गुंतवणूक ही मुळात तेलाच्या भविष्यकालीन किंमतीवरील पैज नसून कर्ज व काळ यांच्या शर्यतीवरील पैज आहे. मागणी परत येईपर्यंत कंपनीला धनकोंच्या दारी जावे लागणार नाही, एवढी रोकड व सवड तिच्यापाशी आहे काय, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. त्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर भागाची कोणतीही किंमत कमी म्हणता येत नाही. उत्तर होकारार्थी असले, तरी मंदी दहा वर्षेही रेंगाळू शकते हे १९८६ नंतरच्या काळाने दाखविले आहे. त्यामुळे घरखर्च, शिक्षण वा वार्धक्य यांसाठी लागणारा पैसा अशा भागांत गुंतविणे इष्ट नाही. ज्याला प्रतीक्षा परवडते व संपूर्ण रक्कम गेली तरी ज्याचे जीवनमान बाधित होत नाही, अशा गुंतवणूकदारानेच आणि तेही एकूण बचतीच्या लहानशा अंशापुरतेच या क्षेत्रात उतरणे शहाणपणाचे ठरते.